सालीत गेलेली तार

५ मार्च

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न फोडताच टाकून दिलं नसशील, तर पुढं वाच.

नऊ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तूही लिहायचं नाही, यायचं तर मुळीच नाही, असं आपलं ठरलं होतं. ते मोडतोय तो मीच. जे झालंय ते सांगता येईल असं माणूस मला जगात एकच आहे, आणि ते तू आहेस. पत्ता पहिल्या वर्षी तू पाठवलेल्या त्या एकुलत्या एका पाकिटावरचा आहे. तो शिवणकामाचा कारखाना अजून आहे का, तू तिथं आहेस का, काही ठाऊक नाही.

काल मी मुंगीला मारलं.

मुंगी म्हणजे तुझी मुलगी. जगाच्या लेखी आणि तुझ्या वहिनीच्या लेखी ती आमची आहे. मुंगी हे नाव पडलं कारण चालायला लागल्यापासून ती स्वतःपेक्षा मोठी वस्तू ओढत नेते. भरलेली झारी, रिकामी पोती, एकदा तर कामावरच्या बाईंचा झोपलेला कुत्रा. तुझ्यासारखीच हट्टी आहे, हे मी इतकी वर्षं मनातल्या मनात म्हणत होतो. आज लिहून टाकलं.

ती तुती आठवते ना? नर्सरीच्या फाटकातून शिरलं की डाव्या हाताला, पाण्याच्या टाकीलगत. तू गेलीस तेव्हा ती कमरेएवढी काडी होती. आता तिच्या सावलीत दोन हातगाड्या उभ्या राहतात. तिच्या जन्माच्या दिवशी लावलेली, असं आम्ही मुंगीला सांगितलं आणि ते झाड तिचं झालं. चालायला शिकली ती तिचा टेकू धरून. तीन वर्षांची असताना दोघी एका उंचीच्या होत्या. मग तुती पुढं निघून गेली, तर बाईसाहेबांनी दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. शाळेचं प्रगतिपुस्तक आधी तुतीला वाचून दाखवायचं, मग आम्हाला, आणि गणिताचे गुण तुतीलासुद्धा हळू आवाजात सांगायचे. मागच्या वर्षी शाळेत 'माझं कुटुंब' असं चित्र काढायला लावलं, तर तिनं आई, बाबा, मी आणि तुती असे चौघं काढले. शिक्षिकेनं झाड खोडलं म्हणून भांडली. मला बोलावणं आलं. मी म्हटलं, बाई, राहू द्या, आमच्या घरात शहाणं असं तेवढंच आहे.

यंदा तुतीची पालवी पिवळी निघाली. पानं अंगठ्याएवढी, आणि तीही गळतात. मी म्हटलं पाणी कमी पडलं असेल, वाळवी असेल. मुंगी ऐकेना. "बाबा, तुम्हीच सांगता ना, पान पिवळं तर आधी मूळ बघा." काल शाळेतून आली, दप्तर फेकलं, खुरपं घेतलं आणि बुंध्याशी उकरायला बसली. मी टाकीवरून पाहिलं तेव्हा वीतभर खड्डा झाला होता. मी कसा धावलो मला आठवत नाही. तिच्या थोबाडीत दिली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. ती रडलीही नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली, गालाला माती लागलेली.

वहिनीनं मला आत बोलावलं. दार लोटून म्हणाली, "थांबवलंत ते बरं केलंत. धाकटीचं बाळ आहे तिथं, मला कळतं. पण लेकरावर हात का उचलला?"

वहिनीला वाटतं तिथं तुझं बाळ आहे. तिथं कोण आहे ते तुला आणि मला ठाऊक आहे. आपल्या दोघांना सोडून हे ठाऊक असलेली सुईणबाई होती, ती गेल्या वर्षी वारली. ती गेल्याचं कळलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो. असल्या गोष्टी आता भराभर बाहेर यायला लागल्यात.

खड्डा मी बुजवलाय. या पत्राला उत्तर देऊ नकोस. येऊ तर नकोसच.

दादा


९ मार्च

धाकटे,

पत्र परत आलं नाही. म्हणजे तू तिथं आहेस, किंवा तिथं दुसरं कुणीतरी आहे आणि परक्याची पत्रं वाचायची त्याला सवय आहे. असेल तर असो.

आज सकाळी रोपाच्या पिशव्या भरताना माती पिशवीत कमी आणि पायावर जास्त पडत होती.

मुळाला हात लावायचा नाही म्हटल्यावर मुंगी खोडाकडे वळली. मारलं म्हणून ती थांबेल, असं मला वाटलं होतं. तिनं डोळे मिटून बुंध्याभोवती हात फिरवला. गुडघ्याच्या उंचीवर, भिंतीकडच्या बाजूला, तिला उंचवटा लागला. घट्ट पट्टा बांधल्यावर वरचं पोट सुटावं तसा. तिथं साल फुगून एकमेकींत मिटली होती. तिनं वहिनीचा कलमाचा चाकू आणला आणि साल उचकटली. आत तार होती. आणि तारेला पत्र्याचा बिल्ला.

मागच्या पत्रात मी वाळवी म्हणालो होतो. वाळवीबिळवी काही नाही. तार आहे हे मला नऊ वर्षं ठाऊक होतं.

नर्सरीत तू वाढलीस, तुला काय सांगायचं. रोप लावलं की जुन्या डब्याचा पत्रा कापून, खिळ्यानं ठोकून त्यावर जात आणि तारीख लिहायची आणि तारेनं खोडाला सैल बांधायचं. खोड जाड होत जातं, म्हणून दरवर्षी तार सैल करायची. विसरलं तर साल तारेवरून वाढते, तार आत जाते आणि एक दिवस झाडाचा गळा आवळते. या विसरण्यावरून मी कामावरच्या माणसांना किती शिव्या घातल्यात याची गणती नाही. आणि माझ्या स्वतःच्या फाटकातल्या झाडाला मी ती तार तशीच ठेवली.

त्या बिल्ल्यावर मी ठोकलं होतं: तुती. ११ ऑक्टोबर. मुलगा.

सकाळी बाळ झालं, दुपारी मी तुती लावली आणि संध्याकाळी तो बिल्ला ठोकायला बसलो. इतका खूष होतो की 'मुलगा'मधला 'ल' दोनदा ठोकला गेला. रात्री वहिनीला ताप भरला. तिसऱ्या दिवशी बाळ गेलं. वहिनीला शुद्ध नव्हती. मी त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि तुतीशी नेलं, कारण तिथली माती अजून मऊ होती. दुसरीकडे खणायची ताकद माझ्यात नव्हती. हे तू मागच्या खोलीच्या खिडकीतून पाहिलंस, दिवस भरलेल्या पोटावर हात ठेवून.

सतरा तारखेला तुला मुलगी झाली. पुढचं तुला माहीतच आहे, पण मला एकदा माझ्या हातानं लिहायचंय. नर्सरीत रोप मेलं की आपण काय करतो? नांग्या भरतो. मेलेलं त्याच दिवशी उपटायचं, तेवढ्याच उंचीचं दुसरं त्या जागी लावायचं. गिऱ्हाइकाला रांग अखंड दिसली पाहिजे. मी बारा वर्षांचा असल्यापासून हेच करत आलोय. चोवीस तारखेला वहिनीनं डोळे उघडले तेव्हा तिच्या कुशीत बाळ होतं. तिनं हात फिरवला आणि विचारलं, "मुलगा होता ना?" मी म्हटलं, तापात होतीस, मुलगीच आहे. आणि धाकटीचं बाळ जन्मतःच गेलं, ती आत झोपलीय, तिला त्रास देऊ नकोस.

मग बिल्ला काढायला तुतीपाशी गेलो. पक्कड हातात होती. पण त्याचं नाव ठेवलेलं नव्हतं, त्याचा फोटो नव्हता, तो होऊन गेला हे सांगणारी तेवढी एकच गोष्ट होती. मी बिल्ला उलटा करून भिंतीच्या बाजूला सरकवला आणि तार घट्ट पिळली, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. म्हटलं, पुढच्या वर्षी काढू. दोन वर्षांत सालीनं तो झाकून टाकला आणि मला बरंच वाटलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही हे मला शिकवायला नऊ वर्षांची पोर लागली.

मुंगीनं बिल्ला माझ्यासमोर धरला. "बाबा, तारीख माझी आहे. मुलगा कोण?"

मी म्हटलं, जुना बिल्ला असेल, दुसऱ्या कुठल्या झाडाचा, चुकून लागला. ती म्हणाली, "जुना कसा? साल त्याच्यावर वाढलीय. म्हणजे पहिल्यापासून इथंच होता." हे मीच शिकवलं तिला, सालीवरून वय ओळखायला. मी हात पुढं केला, तर तिनं बिल्ला मुठीत धरला आणि पळाली. काल दिवसभर तो तिच्या फ्रॉकच्या खिशात होता. वहिनीला अजून दाखवलेला नाही. मी तिच्या मागे मागे फिरतोय, आणि ती माझ्या वाऱ्याला उभी राहत नाही.

दादा


१० मार्च

धाकटे,

वहिनीला कळलं.

दुपारची वेळ होती. वहिनी हिरव्या जाळीखाली कलमं बांधत बसली होती, दातात प्लास्टिकची पट्टी धरून. मुंगी गेली आणि बिल्ला तिच्या मांडीवर ठेवला. मी चार पावलांवर होतो. मला ओरडता आलं असतं, काहीही करता आलं असतं.

वहिनीनं बिल्ला बाहीला पुसला आणि वाचला. मग बाजूला ठेवला आणि हातातलं कलम पुरं केलं. पट्टीचे सगळे वेढे दिले, गाठ मारली, रोप रांगेत ठेवलं. मला वाटलं वाचलो. वाटलं, तिच्या लक्षात आलं नाही.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"कसले किती दिवस?" मी वेड पांघरलं.

"किती दिवस जगला?"

मी म्हटलं, तीन.

"दूध प्यायला?"

मला माहीत नव्हतं. ते मी सुईणबाईंना कधी विचारलंच नाही. मी तसं सांगितलं. ती उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तू मला म्हणालास, मी तापात होते." लग्नाच्या अठरा वर्षांत ती मला पहिल्यांदा अरेतुरे बोलली. "मी त्याला पाहिलं होतं. त्याच्या कानावर केस होते. नऊ वर्षं मी स्वतःला वेडी समजत आलेय."

धाकटे, तुला एक माहीत नाही. वहिनी रोज सकाळची पहिली झारी तुतीला घालते. पाणी घालताना उभी राहते, काहीतरी पुटपुटते. मी एकदा विचारलं तर म्हणाली, धाकटीचं लेकरू आहे, आई दूर आहे त्याची, कुणीतरी बोलायला नको का. नऊ वर्षं रोज. आणि मी टाकीवर उभा राहून ते बघत होतो. मी काय माणूस आहे ते मला आज कळलं.

मला वाटलं ती त्याच्यासाठी रडेल. ती खाली बसली, दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि म्हणाली, "माझं मेलं ते मेलं. तिचं जिवंत होतं ना."

मुंगी तिथंच उभी होती. सगळं ऐकत होती. आम्हा दोघांनाही त्याचं भान नव्हतं.

दादा


१४ मार्च

धाकटे,

हे पत्र वहिनी वाचणार आहे. आधीची तीनही पत्रं मी तिला तोंडी सांगितली, आणि आता पाकीट तिच्या हातूनच बंद होईल असा हुकूम आहे. मी लिहीत असताना ती समोर बसून बिया निवडतेय. वर मी 'माझ्याकडून मोठी चूक झाली' असं लिहिलं होतं, ती ओळ तिनं खोडायला लावली. म्हणाली, चूक नाही, चोरी लिही. म्हणून चोरी.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की 'आपलं ठरलं होतं.' ते खोटं आहे. आपलं काहीही ठरलं नव्हतं. तू वीस वर्षांची होतीस, बाळंत होऊन एक दिवस झाला होता, मुलीचा बाप आधीच पसार झालेला. मी येऊन तुझ्या खाटेशी बसलो आणि म्हणालो, वहिनी वाचायची नाही, तापात बाळ बाळ करतेय, थोडे दिवस तुझी दे. थोडे दिवस, हेच शब्द. तू दिलीस. सहा दिवस तू तिला पाजायला मागच्या दारानं यायचीस, वहिनीला गुंगी असताना. मग वहिनी शुद्धीवर आली आणि मी तुला म्हणालो, आता काढून घेतलीस तर ती मरेल आणि ते पाप तुझ्या माथी. सव्वीस तारखेला सकाळी तुझी पिशवी मीच भरली. पुढं तू एक पत्र पाठवलंस, त्यात एवढंच होतं की ती कशी आहे. मी उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं तर तू पुन्हा विचारशील, असा माझा हिशेब होता.

वहिनी म्हणते, तिला हे नीट कळू दे की मला यातलं काही माहीत नव्हतं. मी लिहिलं. ती म्हणते, असं नको लिहू, असं लिही: माहीत असतं तर मी तिला दुसऱ्याच दिवशी परत दिली असती. मग हातातली बी बघत बसली आणि म्हणाली, खोड ते. दिली असती का, मलाच सांगता येत नाही. मी खोडलेलं नाही. दोन्ही राहू दे.

मुंगीला तिनंच सांगितलं. मला दाराबाहेर उभं केलं होतं, तरी ऐकू येत होतं. तुला आत्या आहे, तिनं तुला जन्म दिला, मी तुला वाढवलं, बाबा दोघींशी खोटं बोलले. मुंगीनं विचारलं, "म्हणजे माझा वाढदिवस सहा दिवस पुढं आहे?" वहिनी हो म्हणाली. "आणि तुती त्याची." पुन्हा हो. "मी त्याच्यावर चढले. त्याला विचारलंसुद्धा नाही." आणि मग ती रडली. थोबाडीत खाल्ली तेव्हा रडली नव्हती, स्वतःच्या आईबापाबद्दल ऐकलं तेव्हा नव्हती. त्या तीन दिवसांच्या पोराला न विचारता त्याच्या झाडावर चढल्याबद्दल ती हुंदके देऊन रडली. मी बाहेर भिंतीला डोकं टेकून उभा होतो.

तुती वाचेल का माहीत नाही. वहिनीनं पक्कड घेऊन तार तुकड्या-तुकड्यानं काढली. सगळी निघाली नाही, काही आत खोल गेलीय. खोडाच्या अर्ध्या घेरात साल मेलीय, म्हणजे पानांचा रस खाली मुळाला पोचत नाही. अशा वेळी जखमेच्या खाली एक आणि वर एक खाच घेऊन त्याच झाडाची ओली काडी दोन्हीकडे बसवतात. लागली तर काडीतून रस उतरतो. वहिनीनं अशा पाच काड्या बसवल्या. काड्या छाटून मुंगीनं आणल्या. दोन उलट्या धरल्या होत्या, तर वहिनी ओरडली, डोळा वर, डोळा वर, बापानं एवढंही शिकवलं नाही का. बाप म्हणाली. मी ते ऐकून घेतलं. मला जवळ येऊ दिलं नाही. मेण तापवून दे म्हणाल्या, ते मी तापवून दिलं.

मुंगी माझ्याशी बोलते, पण बाबा म्हणत नाही. कसलीच हाक मारत नाही. "पाणी बंद करायचंय," असं हवेला सांगते आणि निघून जाते.

आता वहिनीचा निरोप, तिच्याच शब्दांत: 'धाकटे, ये. ती तुझी आहे. न्यायची म्हणालीस तर मी तुला अडवणार नाही. मला काय होईल ते माझं मी बघेन.'

मुंगी गेली तर या घरात काय उरेल, मला विचार करवत नाही. पण नेऊ नकोस असं म्हणायचा हक्क मला नाही. तो मी सव्वीस तारखेला घालवला. म्हणून मी काही म्हणत नाही. येऊ नकोस असं मागे लिहिलं, तेवढं मागे घेतो.

दादा


२१ मार्च

धाकटे,

तुझं कार्ड आज आलं.

पोस्टमननं मुंगीच्या हातात दिलं आणि तिनं ते पळत आणलं. तिघांनी एकदम वाचलं. वाचायला होतं काय? 'दादा, येऊ का?' एवढंच. खाली नाव नाही.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मला वाटलं होतं तू शिव्या देशील, पोलिसांत जाईन म्हणशील. मी त्या सगळ्याची तयारी केली होती. नऊ वर्षं मी तुझी मुलगी दाबून बसलो आणि तू माझी परवानगी मागतेस? वहिनी कार्ड घेऊन आत गेली. तिचं रडणं बाहेरपर्यंत येत होतं. त्या दिवशी ती स्वतःच्या मुलासाठी अशी रडली नव्हती, आज तुझ्या त्या दोन शब्दांसाठी रडली.

विचारू नकोस. ये. शनिवारी दुपारची बस फाट्यावर चारला येते. वहिनीनं मागची खोली झाडली, खिडकीला नवा पडदा शिवला, तो एका बाजूला आखूड झालाय. तू शिवणारी, तू हसशील म्हणून ती आत्ताच लाजतेय. मी फाट्यावर येणार नाही. बसमधून उतरल्यावर तुला पहिलं माझं तोंड दिसायला नको. त्या दोघी येतील.

तुतीच्या पाच काड्यांपैकी तीन सुकल्या. दोन अजून हिरव्या आहेत. त्यावरून काहीच म्हणता येत नाही.

तू येण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण मुंगी ती तुला विचारणार आहे. मला वाटत होतं ती विचारेल, मला का दिलं. त्याचं उत्तर मी मनात तयार करून ठेवलं होतं, सगळा दोष माझ्यावर घेणारं, आणि तो माझाच आहे. तिनं ते विचारलंच नाही. दुपारी मी फाटकाला तेल घालत होतो, ती येऊन शेजारी उभी राहिली. कितीतरी दिवसांनी स्वतःहून आली होती.

"तिनं मला दिलं आणि बसमध्ये बसली, तेव्हा ती रडली का?"

मी म्हटलं, हो तर, खूप रडली.

"खरं सांगा."

मग मी आठवायला लागलो. तुझी पिशवी आठवली, तिचा तुटलेला बंद आठवला. कंडक्टरनं दार आपटलं ते आठवलं. परतताना मी किती झपाझप चाललो ते आठवलं, वहिनी जागी व्हायच्या आत घरी पोचायचं होतं. तुझा चेहरा आठवेना. मी खूप प्रयत्न केला. फाटक धरून उभा राहिलो आणि मग लक्षात आलं, आठवायला तो माझ्याजवळ नव्हताच.

मी तिला खरं सांगितलं, आणि तुलाही सांगतो. ती रडली का ते मला माहीत नाही. मी तिच्याकडे बघितलं नाही.

दादा